घ्यायचं माप, द्यायचं माप

आपल्या ख्रिस्ती मासिकाकडं या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तिघांना इथे उत्तर देतो, बाकीच्यांना पोस्टाने लिहिलं आहे. पहिलं उत्तर लांब होणार आहे, कारण त्या पत्रात एक बारा दिवसांचं बाळ आहे.

प्रश्न : काका, प्रभूत सलाम. मी शिरोळ तालुक्यातला. आमचा ट्रॅक्टर ऊसवाहतुकीला आहे, गेल्या वर्षी कर्ज काढून घेतलेला. यंदा ऊसतोड टोळीच्या मुकादमाला आठ कोयत्यांची, म्हणजे आठ नवरा-बायकोच्या जोड्यांची, उचल (आगाऊ रक्कम) म्हणून आठ लाख दिले. जानेवारीच्या शेवटी एका रात्रीत टोळी उठून गेली. मुकादमाचा फोन बंद. निम्मी उचलसुद्धा फिटलेली नाही. एकच जोडी मागं राहिली, कारण बाई नुकतीच बाळंत झाली होती. आज बाळ बारा दिवसांचं आहे. वडील म्हणतात, मुकादम हजर होईपर्यंत यांना सोडायचं नाही. नवऱ्याचं आधार कार्ड आणि मोबाईल मी काढून घेतला, कपाटात ठेवलाय. आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. रविवारी पाळकसाहेबांनी मीखा संदेष्ट्याचं वचन घेतलं, नीतीनं वागणं, आवडीनं दया करणं आणि देवासमोर नम्रतेनं चालणं. मला बसल्या जागी घाम फुटला. पण काका, आमचे पैसे बुडाले हाही अन्यायच ना? मग मी न्याय मागू की दया करू? दोन्ही एकदम कसं जमायचं?

उत्तर : बाळा, पुढचं वाचायच्या आधी ऊठ, कपाट उघड आणि कार्ड, मोबाईल त्या माणसाच्या हातात देऊन ये. मासिक कुठं जात नाही.

दिलंस? आता बोलू.

आधी कायद्याचं सांगतो, म्हणजे वडिलांनाही सांगता येईल. उचल फिटली नाही म्हणून माणसाला अडकवून ठेवणं याला वेठबिगारी म्हणतात. ती १९७६ च्या कायद्याने बंद झाली आणि ती करायला लावणं हा गुन्हा आहे. 'आमच्यात असंच चालतं' हे कोर्टात चालत नाही. पण तू मला कायदा विचारायला लिहिलं नाहीस, हे मला कळतं. पवित्र शास्त्र काढ. त्यातलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक, अध्याय २४. तिथं गहाणाचे नियम आहेत. जात्याची तळीसुद्धा गहाण घेऊ नये, कारण त्यावर घराचं पोट चालतं. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत द्यावं, म्हणजे तो ते अंगावर घेऊन झोपेल. आणि गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नये, बाहेर उभं राहावं, त्यानं स्वतः ते बाहेर आणून द्यावं. सावकाराला उंबऱ्याबाहेर थांबवणारा असा देव आहे आपला. परगावच्या ऊसतोड्याला आज मोबाईल म्हणजे जातं आणि पांघरूण दोन्ही. बाळाला ताप आला तर तो फोन कुठून करणार होता? दवाखान्यात नाव घालायला काय दाखवणार होता?

आता तुझा खरा प्रश्न. न्याय की दया. तू या दोन गोष्टी तराजूच्या दोन पारड्यांत घातल्यास, एक खाली गेलं की दुसरं वर. माझं उभं आयुष्य तराजूंत गेलं, म्हणून मला तुझं चित्र दिसतं आणि ते चुकलंय हेही दिसतं. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या मागच्या गल्लीत मी चाळीस वर्षं काटे आणि वजनं दुरुस्त केली. त्या दुकानातली एक गोष्ट तुला सांगतो. आपल्या चर्चच्या मंडळीत फार थोड्यांना माहीत आहे.

१९८६ साल असेल. वडील नुकतेच गेले होते, दुकान माझ्या एकट्याच्या अंगावर आलं होतं. एक शेंगा-मिरचीचा व्यापारी पासिंगच्या, म्हणजे सरकारी तपासणीच्या, आधी वजनं नीट करून घ्यायला आला. पोत्यात पाच किलोची बरीच वजनं होती. मी आमची तपासणीची वजनं काढली आणि एकेक समोर लावत गेलो. काही वजनांचं पारडं खाली बसलं, काहींचं वर उचललं. मी एक जड वजन उलटं केलं. बिडाच्या वजनाच्या पोटात एक खळगा असतो, त्यात शिसं भरतात आणि त्या शिशावर सरकारी शिक्का उठवतात. जुनं शिसं काळपट पडलं होतं, पण त्याच्या कडेनं नखाएवढी एक चकचकीत कोर दिसत होती. नवीन शिसं. मग हलकं वजन घेतलं, खिळ्यानं टोकरलं, तर वरच्या पातळ पत्र्याएवढ्या शिशाखाली काळी लाख निघाली. जड वजनं शेतकऱ्याकडून घ्यायची, हलकी गिऱ्हाइकाला द्यायची. जड वजनात दीडशे ग्रॅम जास्त होते, म्हणजे क्विंटलमागं तीन किलो शेंगा फुकट. अनुवादाच्या २५ व्या अध्यायात हेच लिहिलंय बघ, थैलीत दोन तऱ्हेची वजनं नसावीत, एक मोठं आणि एक लहान. लहानपणी शब्बाथ शाळेत पाठ केलेलं ते वाक्य बिडाचं होऊन माझ्या मांडीवर पडलं होतं.

तो म्हणाला, "पासिंगपुरतं नीट करून द्या, पुढचं आमचं आम्ही बघतो." मी नीट करून दिलं. साठ रुपये घेतले. काही बोललो नाही. वर्षभराचं काम होतं त्याच्याकडं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी ते विसरलो असतो कदाचित. सहा महिन्यांनी त्याच्याच दुकानात काट्याची दांडी बसवायला गेलो होतो. एक म्हातारी शेंगांचं गाठोडं घेऊन आली. डोक्यावरची चुंबळ हातात, पायात चप्पल नाही. वजन झालं तशी ती म्हणाली, "घरात मोजल्या तवा जास्ती भरल्या हुत्या की वो." व्यापाऱ्यानं माझ्याकडं बोट केलं. "हे काटेवाले हाईत. इचारा त्यांनाच." तिनं माझ्याकडं बघितलं. आणि मी म्हणालो, "काटा बरोबर आहे, आजी."

काटा बरोबरच होता. मीच बसवला होता. खोटं होतं ते वजन, आणि ते मला माहीत होतं.

ती पैसे कनवटीला लावून निघून गेली. त्या रात्री मी देवाजवळ रडलो, क्षमा मागितली, क्षमा मिळाली असा विश्वासही धरला. पण तिच्या शेंगा तिला मिळाल्या नाहीत. देवाशी माझा हिशेब एका रात्रीत मिटला, तिच्याशी मिटायला ती सापडायला हवी होती. दोन वर्षांनी धीर करून मी त्या व्यापाऱ्याकडं गेलो, सांगितलं की ही वजनं वितळवा नाहीतर मी यापुढं तुमच्या कामाला हात लावणार नाही. त्यानं मला बाहेरचा रस्ता दाखवला. त्याचं बघून आणखी चारपाच जणांनी काम काढून घेतलं. मग बाजाराच्या दिवशी मी म्हातारीला शोधत हिंडायचो. ती दिसली नाही. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय म्हणाला होता ना, कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत देतो. मला चौपट द्यायला माणूसच सापडला नाही. शेवटी बायकोनं सुचवलं आणि मी दुकानाच्या दारात एक काटा आणि खरी वजनं मांडून ठेवली. बाजाराला आलेल्या कुणीही आपलं गाठोडं आणावं आणि विकायच्या आधी फुकट तोलून जावं. दुकान मुलाकडं देईपर्यंत तो काटा तिथंच होता.

हे सगळं तुला का सांगितलं? मीखा ज्या लोकांशी बोलत होता, ते देवळात न जाणारे लोक नव्हते. हजारो एडके आणू का, तेलाच्या नद्या ओतू का, पहिला मुलगा देऊ का, असं विचारणारे होते. आणि त्याच अध्यायात दोनचार ओळींनी पुढं देव विचारतो, खोटी तागडी आणि कपटाच्या वजनांची थैली ज्याच्याजवळ आहे त्याला मी निर्दोष म्हणू का? न्याय म्हणजे मला काय मिळायचं राहिलं, असं तू धरलंस. मीखानं न्याय मागितला तो माझ्या हातातल्या वजनाचा. दया मागितली तीही माझ्याच खिशातून. समोरच्यानं काय करावं याचा त्या वचनात एक शब्द नाही. म्हणून हे दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत, फक्त कुणाला काय द्यायचं ते वेगवेगळं बघावं लागतं.

तर वेगवेगळं बघू. त्या जोडीनं तुझ्या ट्रॅक्टरवर किती टन ऊस तोडला, त्याच्या पावत्या तुझ्याकडं असतील. आज संध्याकाळी वही घेऊन त्यांच्या खोपीवर जा. त्यांना घरी बोलावू नकोस, तू जा, आणि बाहेर थांब. त्याला वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखव आणि विचार, तुझ्या हिशेबानं किती झालं? तो काही वेगळा आकडा सांगेल तर ऐकून घे. आमच्या धंद्यात एक नियम आहे. वजन दुरुस्त करणारा कितीही प्रामाणिक असला तरी शिक्का त्यानं मारायचा नाही, तो निरीक्षकानंच मारायचा. नम्रता म्हटली की मला हेच आठवतं. तुझ्या वहीवर शिक्का मारायला तो ऊसतोड्या लायक आहे, हे तुला मनापासून वाटायला हवं. कोल्हापूरच्या माणसाला हे नवं नाही. शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखायचा हुकूम काढला तो न्याय होताच, पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांना चहाचं दुकान घालून दिल्यावर महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्याले. हुकूम राजवाड्यात बसून काढता येतो, चहा प्यायला मात्र दुकानापर्यंत जावंच लागतं.

दुसरं, मुकादमानं तुझ्याकडून त्या जोडीच्या नावावर लाख रुपये घेतले. त्यातले त्यांच्या हातात किती पडले, ते त्यांनाच विचार. जेवढे त्यांच्या हाती आले आणि कामात फिटले नाहीत, तेवढ्याचाच प्रश्न आहे. बाकीचे सात कोयते पळाले त्याचा बोजा या दोघांवर टाकणं म्हणजे जड वजन. आणि जे थोडंफार त्यांच्याकडून येणं निघेल, ते सोडायचं की नाही हे मी ठरवून देणार नाही. दया कुणी लादली तर ती दया राहत नाही, मीखाच्या वचनात 'आवडीनं' हा शब्द उगीच नाही. तुझ्या अंगावर ट्रॅक्टरचा हप्ता आहे, हे मी विसरलेलो नाही. दयेला पैसे पडतातच. पौलानं फिलेमोनाला त्याच्या अनेसिम नावाच्या दासाबद्दल लिहिलं, त्याच्याकडून तुझं काही येणं असेल तर ते माझ्या नावावर मांड. कुणाच्या तरी नावावर ते मांडावं लागतंच. फक्त सोडायचं ठरवलंस तर वहीत रेघ मार, त्याच्या देखत, आणि पुन्हा कधी काढू नकोस. ओली बाळंतीण आहे ती. आईला सांग डिंकाचे लाडू करायला, म्हणजे ती तुझ्याशी बोलायलाही लागेल.

तिसरं, मुकादम. त्याच्यावर रीतसर फिर्याद दे. करारनामा, बँकेतून पैसे दिल्याची नोंद, फोनचे मेसेज, सगळं घेऊन जा. त्याला मनातून क्षमा कर आणि तरी फिर्याद मागं घेऊ नकोस, कारण पुढच्या हंगामात तो दुसऱ्या कुणाचा तरी ट्रॅक्टर बुडवणार आहे आणि दुसऱ्या आठ जोड्यांच्या नावावर उचल उचलणार आहे. पण पोरं गोळा करून त्याच्या गावाला जायचं जे बेत चालले असतील (पत्रात तू लिहिलं नाहीस, पण मला हा भाग माहीत आहे), त्यात तू जाऊ नकोस. आणि हप्त्यासाठी बँकेत आत्ताच जा, थकल्यावर नको. पाळकसाहेबांनाही सांग. लाजू नकोस. मंडळीत दहा घरं तरी अशी असतील, ज्यांना तुझ्यासाठी काही करता येईल आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही.

मला पुन्हा लिही. बाळाचं नाव काय ठेवलं तेही कळव.

प्रश्न : आमच्या मंडळीत नवीन बाकं करायची आहेत. मी आईच्या स्मरणार्थ एका बाकाचे पैसे देणार आहे आणि त्यावर तिच्या नावाची पट्टी लावावी अशी इच्छा आहे. पंच कमिटीत एक जण म्हणाले, हा गर्व आहे. अहो, कोल्हापुरातल्या अख्ख्या चर्चला वायल्डर या मिशनरी साहेबांचं नाव आहे, मग माझ्या आईचं एका बाकाला का नको? मी कमिटीचा खजिनदार असल्यामुळे मला टोचून बोललं जातं. आधीच दोन महिने राखणदाराचा पगार तटला आहे म्हणून सगळे चिडलेले आहेत.

उत्तर : पट्टी लावा. आईचं नाव लाकडावर असावं असं वाटणं यात मला गर्व दिसत नाही. वायल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, नाव त्यांच्या मागं दुसऱ्यांनी दिलं, हा फरक कमिटीतल्या गृहस्थांना अभिप्रेत असेल तर तो खरा आहे. पण तुमची आईही स्वतःचं नाव लावत नाही, तुम्ही लावताय.

मला अडलं ते तुमच्या शेवटच्या ओळीत, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. राखणदाराचा दोन महिन्यांचा पगार. खजिनदार तुम्ही आहात. लेवीय १९ मध्ये मजुराची मजुरी रात्रभरसुद्धा आपल्याजवळ ठेवू नये असं आहे, इथं साठ रात्री झाल्या. प्रभूनं परूशी धर्मपुढाऱ्यांना सांगितलं, पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देता, आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. ते दशांश देऊ नका असं तो म्हणाला नाही, म्हणून बाकं करूच नका असं मीही म्हणत नाही. बाकाचे पैसे आधी त्याच्या पगारात घाला. बाक दिवाळीनंतर होईल. आणि त्याला पगार द्यायला स्वतः जा, उशिराबद्दल कमिटीच्या वतीनं माफी मागा. त्याला घरी किती उसनवारी करावी लागली ते विचारलंत तर फार बरं.

प्रश्न : मी एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. मागच्या तीन महिन्यांत माझे सात दिवस रजा म्हणून कापले. मी त्या दिवशी ड्यूटीवर होते, रात्रपाळीच्या रजिस्टरात सही आहे. इन्चार्जना विचारावं असं वाटतं पण धीर होत नाही. मंडळीतल्या एका मोठ्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ख्रिस्ती मुलीनं नम्र राहावं, प्रभू बघतो. मग मी गप्प बसले. पण आतून नुसती जळते आहे. ही नम्रता आहे का?

उत्तर : नाही ताई, ही भीती आहे, आणि भीती वाटणं पाप नाही. फक्त तिला नम्रता म्हणू नका.

प्रभूला महायाजकापुढं उभं केलं तेव्हा शिपायानं त्याच्या तोंडात मारली. योहान १८ वाचा. तो उलटून मारत नाही, शिव्या देत नाही, पण गप्पही बसत नाही. तो म्हणतो, मी वाईट बोललो असेन तर तसं सिद्ध कर, चांगलं बोललो असेन तर मला का मारतोस? याहून नम्र कोण? आणि फिलिप्पै शहरात पौल आणि सिला यांना चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी निरोप आला की गुपचूप जा. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, आम्हाला उघड्यावर मारलं आणि आता चोरून काढता? स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढा. आणि ते अधिकारी आले. आदल्या रात्री हाच पौल बेड्यांत गीतं गात होता. गीत गाणं आणि जाब विचारणं त्याला एकाच माणसाची कामं वाटत होती.

मोठ्या बाईंवर रागावू नका, त्यांना त्यांच्या वयात कुणी दुसरं शिकवलं नसेल. पण तुमचे सात दिवस तुम्ही मागायचे. तुमचेच असे कापलेत की आणखी कुणाचे, हे आधी बघा. आयाबाई आणि वॉर्डबॉय यांचेही कापले असतील तर त्यांना तुमच्याएवढंही बोलता येत नसेल, म्हणून मागताना त्यांचं नाव घेऊन मागा. रजिस्टरातल्या त्या सात पानांचे फोटो काढून ठेवा, पण त्यात पेशंटची नावं येतील तिथं कागद ठेवून झाका. अर्ज एका पानाचा लिहा. तारखा, पाळी, कापलेली रक्कम, एवढंच. 'अन्याय', 'पिळवणूक' असले शब्द घालू नका, तारखा पुरेशा आहेत. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. पगाराच्या आदल्या आठवड्यात जा, सकाळच्या राउंडनंतर, इन्चार्ज बाई चहाला बसतात तेव्हा. एकट्या जाऊ नका, बरोबर एक जुनी सिस्टर घ्या. आवाज कापला तरी चालेल. अर्ज हातात असू द्या आणि पहिली तारीख वाचून सुरुवात करा.